आफ्रिकेत मानवी हक्कांच्या कामाला पैसा देणारी फाउंडेशन्स: पैसे घेणाऱ्या बाजूने लिहिलेला रिव्ह्यू

मी नैरोबीत एका छोट्या संस्थेत अकाउंट्स बघतो, नऊ वर्षं झाली. आम्ही सगळे मिळून १४ लोक. पोलिसांनी उचललेल्यांना वकील मिळवून देणं, वस्तीतून हुसकावलेल्यांच्या केसेस लढणं, साक्षीदारांना कोर्टात सुखरूप नेणं-आणणं, हे आमचं काम. आणि आमचा जवळजवळ सगळा पैसा फाउंडेशन्सकडून येतो. त्यांचे फॉर्म मी भरलेत, त्यांचे ऑडिटर माझ्या टेबलासमोर बसून चहा प्यायलेत, आणि त्यांचा हप्ता लेट झाला की पगार का झाला नाही हे बाकीच्या तेरा जणांना सांगायला मीच उभा राहिलोय. त्यामुळे या लोकांच्या सर्व्हिसबद्दल बोलायचा थोडाफार हक्क मला आहे असं वाटतं.

गेल्या महिन्यात आमच्याकडे एक मुलगी अकाउंट्सला नवीन लागली, तिने तिसऱ्याच दिवशी विचारलं की यातला चांगला फंडर कुठला. मी पटकन म्हणून गेलो, जो जास्त देतो तो. संध्याकाळी मटाटूत, म्हणजे इथल्या शेअरिंगच्या मिनीबसमध्ये, बसून घरी जाताना डोक्यात तेच घोळत होतं आणि लक्षात आलं की आपण त्या पोरीला साफ चुकीचं सांगितलं. रक्कम मी स्वतः हल्ली सगळ्यात शेवटी बघतो. आधी बघतो की पैसा किती लवकर हातात येतो, किती वर्षं टिकतो, आणि त्यांचं जायचं ठरलं की किती आधी सांगतात. तिला नीट उत्तर द्यायचं म्हणून लिहायला बसलो आणि ते एवढं लांबलं.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आधी दोन पानांची कन्सेप्ट नोट द्यायची, आवडली तर पूर्ण प्रपोजल आणि बजेट मागतात, मग तुमची नोंदणी, बोर्ड, बँक खातं, मागचे ऑडिट रिपोर्ट हे सगळं तपासतात, मग करार, मग हप्ता, मग सहा महिन्यांनी रिपोर्ट, तो पास झाला की पुढचा हप्ता. पहिल्या नोटपासून पहिला हप्ता यायला आमच्याकडे सरासरी सात-आठ महिने जातात. एखाद्याने तीन महिन्यांत केलं तर मी त्याला मनापासून धन्यवादाचा मेल टाकतो.

आता पहिली गोष्ट, लवकर येणं. २५ जून २०२४. नवे कर लावणाऱ्या फायनान्स बिलाच्या विरोधात पोरं रस्त्यावर उतरली होती, संसदेत गर्दी घुसली, गोळीबार झाला, आणि संध्याकाळपासून आमचे फोन थांबेनात. कुणाचा भाऊ सापडत नाही, कुणाची मुलगी सकाळी गेली ती परत आलीच नाही. केनियाच्या राज्यघटनेच्या ४९ व्या कलमात लिहिलंय की अटक केलेल्या माणसाला २४ तासांच्या आत कोर्टासमोर उभं करायचं. पण त्यासाठी आधी तो कुठल्या ठाण्यात आहे ते कळायला हवं ना! आमचे तीन वकील रात्रभर ठाण्याठाण्यांतून फिरत होते, प्रत्येक ठिकाणी ओबी म्हणजे ठाण्यातली नोंदवही दाखवा म्हणायचं, नाव नसलं की पुढचं ठाणं. एका ठाण्यात पोरगं आत बसलेलं दिसत होतं आणि वहीत नाव नव्हतं. बोडाबोडावाल्यांनी, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्यांनी, त्या रात्री आमच्या लोकांना इकडून तिकडे नेलं, नेहमीच्या दीडपट पैशात, आणि ते योग्यच होतं कारण रस्त्यावर अश्रुधूर होता.

त्या दिवशी आमच्या खात्यात पैसे नव्हते असं नाही. एका फंडरची ६०,००० डॉलरची ग्रँट होती, त्यातला बराच भाग शिल्लक होता, पण तो होता वस्त्यांमध्ये कायद्याची शिबिरं घ्यायला. पेट्रोल, जामीन, जखमींची औषधं यासाठी त्यात एकही ओळ नव्हती. मी रात्री अकराला त्या फंडरच्या प्रोग्राम ऑफिसरला, म्हणजे आमची ग्रँट सांभाळणाऱ्या बाईंना, मेल केला, बाई चांगल्या आहेत, अर्ध्या तासात उत्तर आलं, पण त्या म्हणाल्या बजेट बदलायचं तर हेड ऑफिसची सही लागेल. सही आली ऑगस्टमध्ये. तोवर आमच्या डायरेक्टर मॅडमनी स्वतःच्या मुलाच्या फीसाठी बाजूला ठेवलेले पैसे काढून दिले होते, मी ते वहीत त्यांच्या नावाने उसने म्हणून लिहिले, आणि लिहिताना मला फार वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात आम्ही एका तातडीच्या फंडाला अर्ज केला. फॉर्म दोन पानांचा, कोण अडचणीत आहे, काय लागेल, किती दिवसात लागेल एवढंच विचारलेलं. दुसऱ्या दिवशी फोन आला, वीस मिनिटं बोलणं झालं, आणि सहाव्या दिवशी ५,००० डॉलर खात्यात जमा. त्यातून बारा जणांचा जामीन भरला, दोघांच्या पायातल्या गोळीचा दवाखाना केला, एका कार्यकर्त्याला महिनाभर गावाबाहेर ठेवलं. त्या वर्षी आमच्याकडे आलेल्या सगळ्या पैशात मला हे ५,००० सर्वात मोलाचे वाटतात.

या प्रकारच्या फंडात आफ्रिकेत पहिलं नाव निघतं ते अर्जंट ॲक्शन फंड-आफ्रिकाचं. २००१ पासून इथे नैरोबीतून चालतो, हक्कांसाठी लढणाऱ्या बायकांना धोका निर्माण झाला की लगेच मदत करायची हेच त्यांचं मुख्य काम. २००९ पासूनचा उहाई पण आहे, तोही नैरोबीतलाच, पूर्व आफ्रिकेतले लैंगिक अल्पसंख्याक आणि सेक्स वर्कर्स यांच्यासाठी. उहाईची एक पद्धत मला फार म्हणजे फारच आवडते, कुणाला ग्रँट द्यायची हे ठरवणाऱ्या समितीत त्याच समाजातले कार्यकर्ते बसतात. ज्याने स्वतः पोलिसांचा मार खाल्लाय त्याला समजवायला दहा पानं लिहावी लागत नाहीत. घानातल्या अक्राचा आफ्रिकन विमेन्स डेव्हलपमेंट फंड २००० सालचा, तीन बायकांनी मिळून उभा केला, बिसी अडेलेये-फायेमी, जोआना फॉस्टर आणि हिल्डा ताद्रिया. सेनेगलमधल्या डाकारचा ट्रस्टआफ्रिका २००६ चा. हे सगळे इथले फंड, इथल्या माणसांनी चालवलेले, पण यांचाही बराचसा पैसा शेवटी बाहेरच्याच मोठ्या फाउंडेशन्सकडून येतो हे लक्षात ठेवायला हवं. वर दुष्काळ पडला की खालची विहीर पण आटते.

पावत्यांचं पण सांगतोच. रात्री दोन वाजता बोडाबोडावाला पावती देत नाही, त्याच्याकडे पावतीपुस्तकच नसतं. आपल्याकडे असतो फक्त एम-पेसाचा, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवल्याचा मेसेज. एक फंडर म्हणतो एम-पेसाचं स्टेटमेंट आणि प्रवास केलेल्याची सही असलेली यादी जोडा, चालेल. दुसरा म्हणतो कर विभागाच्या ईटिम्स सिस्टिममधली पावती पाहिजे, नाहीतर खर्च नामंजूर. नामंजूर म्हणजे ते पैसे आम्ही परत करायचे, आणि कुठून करायचे हे कुणी सांगत नाही. मी मेसेज न मेसेज प्रिंट काढून, तारखेप्रमाणे लावून, प्रत्येकावर केस नंबर लिहून फाइल केली होती, ती फाइल अजून कपाटात आहे, चार बोटं जाड, आणि तिच्यातले निम्मे प्रिंट १०० आणि १५० शिलिंगचे.

आता मोठी नावं. फोर्ड फाउंडेशनपासून सुरुवात करतो कारण इथे त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त बोललं जातं. लेगॉसचं ऑफिस १९६० चं, नैरोबीचं १९६३ चं, म्हणजे नायजेरिया आणि केनिया ज्या ज्या वर्षी स्वतंत्र झाले त्याच वर्षीचं. पण यांचं खरं काम समजून घ्यायचं तर दक्षिण आफ्रिकेकडे बघायचं. १९७९ मध्ये, वर्णभेदाचा अंमल पूर्ण जोरात असताना, जोहान्सबर्गमध्ये लीगल रिसोर्सेस सेंटर सुरू झालं, आर्थर चास्कलसन त्याचे प्रमुख, हेच रिव्होनिया खटल्यात मंडेलांच्या बचावाच्या टीममध्ये होते. फोर्ड, कार्नेगी आणि रॉकफेलर ब्रदर्स फंड यांनी सुरुवातीचा पैसा दिला. मोठी चळवळ नाही, मोर्चा नाही, कृष्णवर्णीयांना शहरात राहायला अडवणाऱ्या पास कायद्यांच्या एकेका कलमावर कोर्टात जाऊन भांडायचं. पुढे १९९४ मध्ये तेच चास्कलसन संविधान न्यायालयाचे पहिले अध्यक्ष झाले. आणि २००२ मध्ये त्याच न्यायालयाने सरकारला सांगितलं की आईकडून बाळाला एचआयव्ही होऊ नये म्हणून नेव्हिरापिन हे औषध सरकारी दवाखान्यांत द्यायलाच हवं. ती केस होती ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेनची, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचारांसाठी लढणाऱ्या संस्थेची, आणि त्यांचे वकील लीगल रिसोर्सेस सेंटरचे.

१९७९ ते २००२, तेवीस वर्षं. फंडर मागतात त्या कुठल्या लॉगफ्रेममध्ये, म्हणजे उद्दिष्टं आणि निकालांच्या तक्त्यात, लिहिता येईल की तेवीस वर्षांनी बाळं वाचतील? म्हणून मी टिकण्याला एवढं महत्त्व देतो. दोन वर्षांची ग्रँट घेऊन असलं काही घडत नाही, दोन वर्षांत आमच्या एका जमिनीच्या केसची चौथी तारीख लागते.

फोर्डच्या बाजूने अजून दोन गोष्टी. एक, २०१५ मध्ये त्यांनी प्रोजेक्ट ग्रँटवरचा ओव्हरहेड दुप्पट करून २० टक्के केला. ओव्हरहेड म्हणजे ऑफिसचं भाडं, वीज, इंटरनेट, ऑडिट, माझा पगार. हे पैसे कुणालाच द्यायचे नसतात, सगळ्यांना फोटोत दिसणारी गोष्ट हवी असते, आणि भाड्याचा फोटो निघत नाही. दुसरी गोष्ट, २०१६ मध्ये बिल्ड नावाचा कार्यक्रम काढला, सहा वर्षांत १ अब्ज डॉलर, जगभरच्या सुमारे ३०० संस्थांना, पाच-पाच वर्षांसाठी, आणि बराचसा पैसा संस्थेने स्वतःला हवा तिथे वापरायचा. आम्ही त्यात नव्हतो, आमच्या साइजच्या संस्था त्यात क्वचितच होत्या, आणि हीच माझी त्यांच्याबद्दलची तक्रार. मोठ्यांना असं मोकळं फंडिंग आणि छोट्यांना ओळीओळीचा हिशोब, असं का? छोट्यांनाच तर मोकळ्या पैशाची जास्त गरज असते.

आणि तो आरोप. जुलै २०२४ मध्ये केनिया सरकारने फोर्ड फाउंडेशनवर उघड आरोप केला की आंदोलनाला पैसा तुम्ही पुरवला. फोर्डने तो साफ नाकारला. मला यावर बोलायचंय कारण ते दिवस मी जवळून बघितलेत. पोरं एम-पेसावरून एकमेकांना ५०, १००, २०० शिलिंग पाठवत होती, त्यातून जखमींची बिलं भरली गेली, मेलेल्यांच्या अंत्यविधीचा खर्च झाला. या देशात हरांबे म्हणजे सगळ्यांनी थोडं थोडं घालून एखाद्याचं काम पार पाडायची रीत जुनीच आहे. ज्या फाउंडेशनला आमचं बजेट बदलायला सहा-सात आठवडे लागतात ते एका आठवड्यात देशभर आंदोलन उभं करतं हे मला मान्यच होऊ शकत नाही. पण आरोपाचा परिणाम झाला. नंतर कितीतरी महिने आमच्या बँकेतून प्रत्येक परदेशी हप्त्यावर फोन यायचा, कागद मागायचे, पैसे आठ-दहा दिवस अडकून पडायचे.

कायद्याच्या बाजूचं पण सांगायला हवं, कारण फंडर कितीही चांगला असला तरी सरकारने नळ बंद केला की संपलं. सगळ्यात वाईट उदाहरण इथिओपियाचं. २००९ चा तिथला कायदा, ज्या संस्थेला १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसा परदेशातून येतो तिने मानवी हक्कांवर कामच करायचं नाही. इथिओपियन ह्यूमन राइट्स कौन्सिल ही तिथली जुनी संस्था, त्यांची बँक खाती गोठवली, बहुतेक ऑफिसं बंद करावी लागली. हा कायदा २०१९ मध्ये बदलला, म्हणजे पूर्ण दहा वर्षं गेली. दहा वर्षांत एका संस्थेतली शिकलेली माणसं कुठच्या कुठे जातात! केनियात २०१३ मध्ये असाच १५ टक्क्यांचा घाट घातला होता, संस्थांनी आणि खासदारांनी मिळून तो हाणून पाडला. आमच्यासारख्या संस्थांच्या नोंदणीचा आणि कामाचा नवा कायदा, पब्लिक बेनिफिट ऑर्गनायझेशन्स ॲक्ट, २०१३ मध्येच पास झाला होता, तो लागू व्हायला मात्र १४ मे २०२४ उजाडला. युगांडात तर २०११ पासून युरोपियन देश मिळून डेमोक्रॅटिक गव्हर्नन्स फॅसिलिटी नावाचा मोठा फंड चालवत होते, तो २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी थांबवला आणि पुढे बंदच झाला. एकाच टोपलीत सगळी अंडी ठेवली की असं होतं, तिथल्या अनेक संस्थांचा पैसा एकाच दिवशी बंद झाला.

फाउंडेशन्सनी अशा वेळी काय केलं हा माझा खरा प्रश्न असतो. काहींनी करार तसाच ठेवून पैसे नंतर द्यायची तयारी दाखवली. काही देशातूनच निघून गेली. निघून जाणारे कारण देतात की वातावरण अनुकूल नाही. अहो, वातावरण अनुकूल असतं तर आमची गरजच काय होती.

जॉर्ज सोरोस यांचं ओपन सोसायटी. यांची सुरुवातच आफ्रिकेतून आहे, १९७९ मध्ये केपटाउन विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना स्कॉलरशिप. पुढे जोहान्सबर्ग, डाकार आणि नैरोबीत त्यांनी प्रदेशवार फाउंडेशन्स उभी केली, दक्षिणेचं १९९७ चं, पश्चिमेचं २००० चं, पूर्वेचं २००५ चं, आणि त्यांची खासियत ही की निर्णय घेणारे बोर्ड त्या त्या भागातल्या लोकांचं होतं. मी या क्षेत्रात आलो तेव्हा जुने लोक त्यांचं नाव फार आदराने घ्यायचे, फोन केला तर समोरच्याला आपला देश माहीत असायचा, कुठल्या जिल्ह्यात काय चाललंय हे सांगत बसावं लागायचं नाही. नंतर ही तिन्ही एका छताखाली आणली, आणि २०२३ मध्ये सोरोस यांनी सूत्रं मुलाकडे दिली आणि जगभरातला किमान ४० टक्के स्टाफ कमी करणार असं जाहीर झालं. एवढ्या मोठ्या फाउंडेशनला बदलायचा हक्क आहेच, पैसा त्यांचा. पण ज्या प्रोग्राम ऑफिसरला तुमचं काम पाठ होतं तो गेला की तुम्ही पुन्हा पहिलीच्या वर्गात जाऊन बसता. त्यांनी दिलेलं खूप मोठं आहे हे मी मानतो, फक्त त्यांची जी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटायची, इथल्या माणसांचं इथे बसलेलं बोर्ड, ती गेली याचं मला मनापासून दुःख आहे.

याच्या अगदी उलट अटलांटिक फिलान्थ्रोपीज. चक फीनी, ड्यूटी फ्री दुकानांत पैसा कमावलेला माणूस, १९८२ मध्ये फाउंडेशन काढलं आणि ठरवलं की जिवंतपणी सगळं देऊन टाकायचं. जगभरात ८ अब्ज डॉलरच्या वर दिले. दक्षिण आफ्रिकेत लीगल रिसोर्सेस सेंटर, ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन, समलिंगी हक्कांच्या संस्था यांना त्यांनी खूप आधार दिला. आणि कितीतरी वर्षं आधी सांगून ठेवलं होतं की शेवटची ग्रँट २०१६ मध्ये, ती दिली, २०२० मध्ये ऑफिस बंद केलं. जाताना फोर्ड आणि ओपन सोसायटीला बरोबर घेऊन कॉन्स्टिट्यूशनलिझम फंड नावाचा वेगळा फंड मागे ठेवला, की आपण गेल्यावर पण राज्यघटनेच्या बाजूने लढणाऱ्या संस्था चालू राहाव्यात. जायची अशी पद्धत मी दुसऱ्या कुणाची बघितली नाही. तरीसुद्धा खड्डा पडतोच, ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेनवर २०१४ मध्ये एवढी वेळ आली की लोकांकडे जाहीर मदत मागावी लागली. म्हणजे आधी सांगून गेले तरी त्रास होतो, मग न सांगता गेलेल्यांचं काय बोलायचं.

ते मला बोलायचंय. नाव घेणार नाही. एक फाउंडेशन आमच्याबरोबर चार वर्षं होतं, साक्षीदारांच्या ने-आणीचा आणि त्यांना काही दिवस सुरक्षित ठेवायचा सगळा खर्च त्यांच्याकडून. एका नोव्हेंबरमध्ये मेल आला, चार ओळींचा, की आमची स्ट्रॅटेजी बदलली आहे, मार्चनंतर आम्ही या विषयात नसू, तुमच्या कामाबद्दल आम्हाला नितांत आदर आहे. चार महिने. त्या वेळी आमची एक केस चालू होती, पोलिसांच्या मारहाणीत गेलेल्या एका तरुणाची, आणि मुख्य साक्षीदार बाई किसुमूहून यायच्या, आम्ही त्यांना मामा म्हणतो, स्वाहिलीत मामा म्हणजे आई, वय साठच्या पुढे, प्रत्येक तारखेला आठ-नऊ तास बसचा प्रवास, बरोबर एक नातू. त्यांचं राहणं, खाणं, बस, सगळं त्या पैशातून. एप्रिलमध्ये तारीख होती. मी स्वतः त्यांना फोन केला आणि सांगितलं की मामा, या वेळी बसचं भाडं पाठवायला थोडा उशीर होईल. त्या म्हणाल्या, मी कोंबड्या विकून येते, तू काळजी करू नकोस. आणि आल्या. तिकिटं त्यांनी मला दाखवली, घडी घालून रुमालात ठेवलेली, मी ते पैसे दोन महिन्यांनी दुसऱ्या ग्रँटमधून दिले. त्या फाउंडेशनचा शेवटचा रिपोर्ट मी वेळेत भरला, त्यात एक रकाना होता, या ग्रँटमधून तुम्ही काय शिकलात. मी मामांच्या कोंबड्यांचं लिहिलं. उत्तर आलं नाही.

असंच आतल्या हिशोबाचं एक दुखणं म्हणजे डॉलर. जानेवारी २०२४ मध्ये डॉलर १६० शिलिंगच्या आसपास होता, आम्ही त्या भावाने ६०,००० डॉलरच्या ग्रँटचं वर्षाचं बजेट लावलं, ९६ लाख शिलिंग. पैसे बँकेत उतरले तेव्हा भाव १३० च्या आसपास, म्हणजे ७८ लाख. १८ लाख शिलिंग आम्ही काहीही न करता गेले, आणि त्यात दोन जणांचा वर्षाचा पगार होता. देशासाठी शिलिंग मजबूत होणं चांगलंच, पण फंडरने अशा वेळी काम थोडं कमी करायला परवानगी द्यावी की नाही? एकाने दिली. एकाने सांगितलं, टार्गेट तेच राहील. तसंच २०२३ मध्ये सरकारने हाउसिंग लेव्ही आणली, पगाराच्या दीड टक्का कामगाराकडून आणि दीड टक्का मालकाकडून, ती बजेटमध्ये नव्हती, तर एका फंडरच्या फायनान्सवाल्यांशी मी तीन महिने मेल करत होतो की हा कायदा आहे, माझी इच्छा नाही.

मो इब्राहिम फाउंडेशनचं वेगळं आहे, ते आमच्यासारख्यांना ग्रँट देणारं नाही. मो इब्राहिम मूळचे सुदानचे, सेलटेल ही मोबाइल कंपनी काढली, २००५ मध्ये ती ३.४ अब्ज डॉलरला विकली गेली आणि २००६ मध्ये हे फाउंडेशन आलं. नियमाप्रमाणे निवडून आलेल्या, मुदत संपल्यावर खुर्ची सोडलेल्या आफ्रिकन राष्ट्रप्रमुखाला ५० लाख डॉलर, दहा वर्षांत विभागून. २००७ ला मोझांबिकचे शिसानो, २००८ ला बोट्स्वानाचे मोगाए, पुढे केप व्हर्देचे पिरेस, नामिबियाचे पोहांबा, लायबेरियाच्या एलेन जॉन्सन सरलीफ, नायजरचे इसुफू. मधली कितीतरी वर्षं कुणालाच दिलं नाही, कारण लायक कुणी सापडला नाही, आणि तसं सरळ जाहीर केलं. हा प्रामाणिकपणा मला आवडतो. पण ज्याला सत्ता सोडायची नाही तो ५० लाख डॉलरसाठी सोडेल असं मला कधीच वाटलं नाही, सत्तेत राहून मिळतं ते यापेक्षा फार जास्त असतं. यांची माझ्या उपयोगाची गोष्ट म्हणजे इब्राहिम इंडेक्स, ५४ देशांचा कारभार आकड्यात मांडलेला, प्रपोजल लिहिताना मी दरवेळी उघडतो. तसंच आफ्रोबॅरोमीटर या पाहणी करणाऱ्या संस्थेचं, १९९९ पासून लोकांच्या घरी जाऊन त्यांची मतं विचारतात, यांनाही बऱ्याच फाउंडेशन्सचा पैसा आहे. ३९ देशांतल्या त्यांच्या पाहणीत ६६ टक्के लोकांनी सांगितलं होतं की आम्हाला लोकशाहीच हवी. कुणी म्हणालं ना की आफ्रिकेत लोकांना हे नको आहे, बाहेरचे लादतात, तर मी हा आकडा दाखवतो.

नावात फाउंडेशन आहे म्हणून सगळे सारखे समजू नका. जर्मन पक्षांची फाउंडेशन्स, कोनराड आडेनाउअर, फ्रीडरिश एबर्ट वगैरे, यांचा पैसा मुख्यतः जर्मन सरकारी बजेटमधून. अमेरिकेचं नॅशनल एंडोमेंट फॉर डेमोक्रसी तिथल्या काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, पैशावर. कामं चांगली करतात, पण तिकडे सरकार बदललं की इकडे भूकंप. १ जुलै २०२५ ला यूएसएड या अमेरिकी सरकारच्या परदेशी मदतीच्या संस्थेचं काम बंद झालं तेव्हा त्या पैशावर चालणाऱ्या संस्था सगळ्या खाजगी फाउंडेशन्सच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आमच्या एका फंडरच्या माणसाने सांगितलं, पूर्वी ज्या कॉलला ऐंशी-नव्वद अर्ज यायचे तिथे आता चारशे येतात. एवढी भूक भागवण्याइतका पैसा खाजगी फाउंडेशन्सकडे नाही.

मग रेटिंग. आधी सांगून जाणं या एका गोष्टीत अटलांटिकला पाचपैकी पाच, आता ते नाहीत तरी. फोर्डला चार, त्यांनी छोट्या संस्थांकडे पण लक्ष दिलं तर साडेचार देईन. तातडीचे आणि इथले फंड, पाच, रक्कम कमी असली तरी. ओपन सोसायटी, जुन्यांना पाच, नव्यांना अजून वेळ द्यायला हवा. चार ओळींचा मेल पाठवणाऱ्याला एक, शून्य नाही, कारण चार वर्षं त्यांनी पैसे वेळेवर दिले होते हेही खरं.

त्या मुलीला मी सोमवारी पुन्हा बसवून सांगितलं की अगं, परवा चुकीचं बोललो. फंडरबरोबर पहिल्या मीटिंगला बसलीस की तीन प्रश्न विचारायचे. कायद्याने नवीन कर लागला तर तो कुठून भरू, आणीबाणीत बजेट बदलायला किती दिवस लागतील, आणि तुम्ही जाणार कधी. तिसरा प्रश्न विचारताना सगळ्यांना संकोच वाटतो, ती पण म्हणाली, सर असं कसं विचारायचं, अजून आले पण नाहीत. म्हटलं विचारायचं. गेल्या आठवड्यात एका नवीन फाउंडेशनची बाई आली होती, हिनेच विचारलं, मी गप्प बसून होतो. बाई थोडी थांबली, डायरी उघडली आणि म्हणाली, डिसेंबर २०२८ पर्यंत नक्की आहोत, पुढचं मला माहीत नाही, पण जे असेल ते त्याच्या आदल्या वर्षीच्या डिसेंबरपर्यंत मी तुम्हाला लेखी कळवीन. मुलीने उठून भिंतीवरच्या पांढऱ्या बोर्डावर लाल पेनने दोन्ही तारखा लिहिल्या, आणि खाली मामांच्या केसची पुढची तारीख.